‘चालतो’ म्हणजे काय? डिस्पोजलचे रेडिओ, दोन पुस्तकं आणि चाचणीचा प्रश्न

कॉलेजच्या लॅबमध्ये डेडस्टॉक रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. वस्तूचं नाव, खरेदीची तारीख, किंमत आणि शेऱ्यात एकच शब्द: ‘चालू’ किंवा ‘बंद’. पीएचडीला लागलात की पहिल्याच वर्षी तुमच्या वाट्याला असं एखादं ‘चालू’ उपकरण येणार. सीनियर सांगतील, ‘चालतंय, घे.’ आणि पुढची चार वर्षं तुम्ही त्या एका शब्दावर काढाल.

हा शब्द किती पोकळ असू शकतो हे दाखवायला मी आज जरा बाजूचा विषय घेतेय. लष्कराने मोडीत काढलेले, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘डिस्पोजलचे’ रेडिओ घेऊन ते तपासायचे आणि हौशी रेडिओसाठी, म्हणजे हॅम रेडिओसाठी वापरायचे, हा जगभरातला जुना छंद आहे. त्यावरचं लिखाणही भरपूर आहे. त्यातल्या दोन पुस्तकांची इथे तुलना करते. शेवटी तीच तुलना शहापूर आणि मुरबाडच्या जमिनीवर उतरवून बघू, कारण हा भाग माझ्या ओळखीचा आहे आणि रेडिओची परीक्षा घ्यायला चांगला आहे. तुम्हाला रेडिओतलं काही येत नसलं तरी चालेल. मुद्दा रेडिओचा कमी आणि पुराव्याचा जास्त आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात रेडिओ संच प्रचंड संख्येने बनले. युद्ध संपल्यावर ते सैन्याला नकोसे झाले आणि हौशी लोकांना हवेसे. कारण सरळ होतं. ब्रिटिश रणगाड्यांमधला ‘वायरलेस सेट नंबर १९’ घ्या. त्याचा मुख्य भाग २ ते ८ मेगाहर्ट्झमध्ये चालतो. हॅम लोकांचे ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झचे पट्टे याच मर्यादेत बसतात. तयार ट्रान्समीटर, तयार रिसीव्हर, तोही मोडीच्या भावात. आणखी काय पाहिजे?

भारतात युद्धाच्या काळात हौशी परवाने बंद होते आणि लोकांना आपले ट्रान्समीटर जमा करावे लागले होते. त्याच काळात, २७ ऑगस्ट १९४२ पासून, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडला. म्हणजे ट्रान्समीटर हाताशी असणं ही आपल्याकडे साधी गोष्ट कधीच नव्हती. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ ला महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाची सुरुवात झाली. लष्करी रेडिओ आणि हौशी रेडिओ यांचं नातं आपल्याकडेही असं पहिल्यापासूनचं आहे.

पहिलं पुस्तक: ‘हे काढा, ते जोडा’

त्याच १९४८ साली अमेरिकेत ‘सरप्लस रेडिओ कन्व्हर्जन मॅन्युअल’ आलं. लेखक एव्हन्सन आणि बीच. एकेका लष्करी संचाला एकेक प्रकरण: बीसी-३४२, बीसी-३४८, विमानातले ‘कमांड सेट’, एससीआर-५२२ वगैरे. वाक्यं बहुतेक आज्ञार्थी. अमुक रिले काढून टाका, तमुक तार इथे जोडा, डायनॅमोटरच्या जागी घरच्या विजेवरचा पुरवठा बसवा. सोबत सर्किटच्या आकृत्या.

या पुस्तकाचे गुण आधी मान्य करायला हवेत. ते भारंभार बोलत नाही. वाचक हाताने काम करणारा आहे हे गृहीत धरतं आणि त्याला कामाला लावतं. शिवाय त्यातल्या संचांमध्ये शिकण्यासारखं खूप आहे. बीसी-४५३ हा रिसीव्हर बघा. तो १९० ते ५५० किलोहर्ट्झ ऐकतो, म्हणजे वरवर बघता हॅमच्या काहीच कामाचा नाही. पण त्याची आतली मध्यम वारंवारता फक्त ८५ किलोहर्ट्झ आहे. साधारण तेवढ्याच गुणवत्तेच्या कॉइल वापरल्या तर गाळणीची रुंदी वारंवारतेच्या प्रमाणात बदलते. नेहमीच्या ४५५ किलोहर्ट्झऐवजी ८५ घेतले की गाळणी पाचपटीहून जास्त अरुंद होते. म्हणून लोक हा संच दुसऱ्या रिसीव्हरच्या मागे जोडायचे, ४५५ वर लावायचे आणि गर्दीतून एकच सिग्नल नेमका उचलायचे. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

मग अडचण कुठे आहे? असलं पुस्तक संच चालू झाला की थांबतं. चालू झाला म्हणजे किती चांगला झाला, फेरफाराआधी किती होता, फरक फेरफारामुळेच पडला की नव्या व्हॉल्व्हमुळे, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाहीत. वर हे फेरफार बहुधा परतीचे नसतात. एकदा पत्रा कापला, रिले उपटला की मूळ संच कसा वागत होता हे तपासायची सोय संपली. पुरावाच भंगारात गेला.

१९४८ च्या वाचकासाठी हा दोष म्हणता येणार नाही. संच स्वस्त होते, एक बिघडला तर दुसरा मिळत होता, आणि हेतू बोलण्याचा होता, संशोधनाचा नव्हता. माझी तक्रार पुस्तकावर कमी आहे. त्याचा साचा आपण जिथे शोभत नाही तिथे वापरतो, यावर जास्त आहे. कितीतरी प्रबंधांमधलं ‘पद्धती’ हे प्रकरण उघडा. हे घेतलं, ते मिसळलं, यंत्रात घातलं, आलेख आला. कृती सगळी आहे. ‘कशावरून?’ याचं उत्तर मात्र नाही.

दुसरं पुस्तक: यंत्राच्या पोटातली वही

गंमत म्हणजे याच मॅन्युअलच्या पहिल्या खंडात बीसी-२२१ वरही प्रकरण आहे. बीसी-२२१ हा रेडिओ नाही, वारंवारता मोजायचं लष्करी यंत्र आहे. १२५ किलोहर्ट्झपासून २० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतं. आणि त्याच्यासोबत एक वही यायची, तिला मी आजचं दुसरं पुस्तक म्हणतेय. तिच्यात पानोपानी फक्त आकडे: अमुक वारंवारता हवी असेल तर डायल अमुक ठिकाणी ठेवा.

ही वही छापखान्यातून एकसारख्या प्रतींमध्ये निघत नव्हती. प्रत्येक यंत्राची वही वेगळी, त्याच यंत्रावर मोजून तयार केलेली, आणि यंत्राचा व वहीचा अनुक्रमांक एक. दोन यंत्रं एकाच कारखान्यातून, एकाच आराखड्यावरून निघाली तरी त्यांचे कॉइल आणि कंडेन्सर तंतोतंत सारखे नसतात. म्हणून एकाची वही दुसऱ्याला चालत नाही. वही हरवली तर यंत्र चालेल, डायल फिरेल, हेडफोनमध्ये शिट्टीही येईल, पण डायलवरच्या आकड्याला काही अर्थ उरणार नाही.

आता मोजायची रीत बघा. यंत्रात १००० किलोहर्ट्झचा स्फटिक असतो. वहीच्या पानावर, तुम्हाला हव्या असलेल्या वारंवारतेच्या जवळचा एक तपासबिंदू दिलेला असतो. आधी डायल त्या बिंदूवर ठेवायचा. स्फटिकाचा सूर आणि यंत्राचा सूर यांच्यातली शिट्टी खाली खाली उतरत शून्य होईपर्यंत एक दुरुस्तीचं बटण फिरवायचं. मगच खरी मोजणी. म्हणजे प्रत्येक वेळी जगाला प्रश्न विचारण्याआधी यंत्राने स्वतःची झडती द्यायची. आणि स्फटिक खरा कशावरून? तो प्रमाण वारंवारता प्रसारित करणाऱ्या केंद्राशी ताडून बघायचा. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही असं केंद्र आहे. आपल्याकडे दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचं एटीए हे केंद्र १० मेगाहर्ट्झवर ऐकू यायचं. १००० किलोहर्ट्झचा दहावा गुणित तिथेच पडतो, त्यामुळे दोन्ही सूर एकमेकांवर ठेवून फरक कानाने ऐकता येतो.

ही साखळी नीट बघा. तुमचा सिग्नल वहीवर टेकलेला, वही स्फटिकावर, स्फटिक राष्ट्रीय प्रमाणावर. ‘कशावरून?’ हा प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारलाय आणि प्रत्येक पायरीवर उत्तर आहे. वाचायला ही वही कमालीची कंटाळवाणी आहे, तिच्यात एक रंजक वाक्य सापडणार नाही. तरी संशोधनाची तयारी करणाऱ्याने दोन्हींतलं एकच पुस्तक बघायचं ठरवलं तर मी हीच हातात देईन.

आजचा अहवाल: ‘फाइव्ह नाइन’

आता आजचं लिखाण. जुना संच मिळवला, साफ केला, हवेत सोडला, आणि अहवाल असा येतो: ‘सेट मस्त चालतो, पहिल्याच हाकेला फाइव्ह नाइन मिळाला.’ फाइव्ह म्हणजे बोलणं पूर्ण कळलं, नाइन म्हणजे सिग्नल जोरदार. यातल्या नाइनला खरं तर व्याख्या आहे. ३० मेगाहर्ट्झच्या खाली ५० ओहमच्या इनपुटला ५० मायक्रोव्होल्ट म्हणजे एस-९, आणि खालची प्रत्येक पायरी ६ डेसिबलची. पण किती जण आपला मीटर त्या व्याख्येशी ताडून घेतात? बऱ्याचदा ‘फाइव्ह नाइन’ हा शिष्टाचार असतो, लग्नात ‘जेवण छान होतं’ म्हणावं तसा.

या अहवालात काय नाही ते मोजू. अँटेना कोणती आणि किती उंच होती ते नाही. वेळ नाही. शक्ती किती वॅट होती ते नाही. त्याच अँटेनावर दुसरा, माहितीतला संच लावून बघितला का ते नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ज्या हाकांना उत्तर आलं नाही त्या किती होत्या? यश तेवढं लिहायचं आणि अपयश गिळायचं, या सवयीने कुठलाही संच उत्तम ठरतो. कुठलंही रसायन, कुठलंही अल्गोरिदमसुद्धा.

शहापूर ते मुरबाड: एक चाचणी

शहापूर आणि मुरबाड सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरवर आहेत. मधे भातसा, काळू यांची खोरी, लहानमोठे डोंगर. पूर्वेला शहापुरातलं डोळखांब आणि मुरबाडमधलं टोकावडे यांच्या मागे सह्याद्रीची भिंत उभी. हातातला १४४ मेगाहर्ट्झचा हॅम रेडिओ साधारण नजरेच्या रेषेत चालतो, डोंगराआड गेला की गप्प होतो. त्यामुळे कमी वारंवारतेच्या जुन्या लष्करी संचाचा इथे विचार करणं अगदी रास्त आहे.

आता ‘सेट नंबर १९’ घ्या. गाडीवरच्या दांडीच्या एरियलवर बोलण्यासाठी त्याचा पल्ला साधारण १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर धरला जायचा. समजा आपण शहापूरहून दांडीवर हाक मारली आणि मुरबाडला ऐकू आली नाही. संच बिघडलाय का? सांगता येत नाही, पल्ल्याबाहेरच होतो. समजा मग ७ मेगाहर्ट्झसाठी २० मीटर लांबीची तार दोन बाजूंना ताणली, जमिनीपासून चार-पाच मीटरवर, आणि खणखणीत ऐकू आलं. संच उत्तम आहे का? तेही सांगता येत नाही. इतक्या खाली बांधलेली तार बरीच ऊर्जा सरळ वर फेकते, ती आयनांबरातून परत खाली येते आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखीच पडते. श्रेय तारेचं आणि आकाशाचं. तीच तार, तोच संच, पण वेळ रात्री उशिराची: वरचा थर विरळ होतो, ७ मेगाहर्ट्झ परत येत नाही, मुरबाड गायब आणि दूरचं एखादं शहर स्पष्ट. तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं.

म्हणजे ‘चालतो’ हा संचाचा एकट्याचा गुण नाहीच. संच, अँटेना, वेळ आणि जागा यांचा मिळून आहे. संचाबद्दल काही म्हणायचं असेल तर बाकीचे तीन धरून ठेवावे लागतील. मी चाचणी अशी आखेन.

एक. शहापूरला एकच तार, तिला दोन संच आळीपाळीने: जुना आणि एक नवा, माहितीतला. दोन्हींची शक्ती मोजून सारखी केलेली. दर पाच मिनिटांनी अदलाबदल, क्रम नाणं उडवून.

दोन. मुरबाडच्या माणसाला कुठला संच चालू आहे ते सांगायचं नाही.

तीन. ‘कसं ऐकू येतंय?’ असं विचारायचंच नाही. वीस गावांच्या चिठ्ठ्या करायच्या: किन्हवली, सरळगाव, डोळखांब, टोकावडे वगैरे. दर वेळी एक चिठ्ठी काढायची, नाव वाचायचं, चिठ्ठी परत टाकायची, असं वीस वेळा. समोरच्याने ऐकू आलं ते लिहायचं, मग गुण द्यायचे. गावं वीसच का? चारच असती तर काहीही ऐकू न येता नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर आली असती. वीस असली तर एक. अंदाजाने किती मिळतील हे आधी माहीत नसेल तर मिळालेल्या गुणांना अर्थ नाही.

चार. शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायची, गुण कोसळेपर्यंत. संच कुठे हरतो हे कळल्याशिवाय तो किती चांगला आहे हे कळत नाही.

पाच. हे सकाळी, भर दुपारी, रात्री. आणि सगळे आकडे लिहायचे, शून्यसुद्धा.

अर्थात हे सगळं परवाना हातात असेल तरच. आपल्याकडे त्यासाठी परीक्षा आहे आणि वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग परवाना देते.

हवेत जाण्याआधी

कन्व्हर्जनच्या साच्यात आणखी एक प्रश्न राहून जातो: मला नको असलेलं काय बाहेर पडतंय? ७.१ मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरमधून १४.२ आणि २१.३ वरही थोडं झिरपतं. आंतरराष्ट्रीय शिफारशीत हौशी सेवेसाठी ३० मेगाहर्ट्झच्या खाली अशी गळती मुख्य सिग्नलपेक्षा ‘४३ अधिक १० लॉग शक्ती’ किंवा ५० डेसिबल, यातलं जे सैल असेल तितकी कमी हवी असं सूत्र आहे. ५ वॅटला हे जवळपास ५० डेसिबल येतं, म्हणजे गळती ५० मायक्रोवॅटच्या आत. ‘समोरच्याला ऐकू आलं’ यातून याबद्दल काडीचंही कळत नाही. हे डमी लोडवर, अँटेना न लावता मोजायचं असतं.

दुसरं, जुन्या कागदी कंडेन्सरमधून गळती होते, ते बदलावेच लागतात. या संचांमध्ये ५०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो जीव घेऊ शकतो, एकट्याने हात घालू नका. पण कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळा एक शिस्त पाळतात ती इथेही पाळा: ‘मिळालं तेव्हा’चं मापन आणि ‘सोडलं तेव्हा’चं मापन, दोन्ही लिहायची. ताण देऊन बघणं धोक्याचं असेल तर निदान प्रत्येक कंडेन्सरची किंमत आणि गळती, प्रत्येक रोधाचा आकडा, फोटो. काहीही बदलण्याआधी.

यात एवढं काय बिघडतं?

पहिल्या महत्त्वाच्या वापरापर्यंत काहीच बिघडत नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्नेमला ब्रिटिशांची पहिली एअरबोर्न डिव्हिजन उतरली. त्यांच्याकडचे ‘नंबर २२’ आणि ‘नंबर ६८’ संच जंगल आणि घरांच्या दाटीत काही किलोमीटरवरच्या आपल्याच तुकड्यांना गाठू शकले नाहीत. दोष संचांचा, पल्ल्याच्या अपेक्षेचा, जमिनीचा की नियोजनाचा, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. वाद मिटत नाही याचं एक कारण तेच: ‘कुठे, कशावर, किती’ हे न जोडता नुसत्या पल्ल्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

घाटाखालच्या एखाद्या गावासाठी उद्या कोणी आपत्तीचा आराखडा केला आणि त्यात लिहिलं, ‘एक एचएफ संच उपलब्ध, चालू स्थितीत’, तर मी पहिला प्रश्न विचारेन: हे कोणत्या महिन्यात, किती वाजता, कुठल्या तारेवर बघितलं? जानेवारीच्या दुपारी मिळालेला ‘फाइव्ह नाइन’ जुलैच्या रात्री, वीज गेलेली असताना आणि विजांचा कडकडाट कानात भरलेला असताना कामाला येईल याची हमी त्या एका शब्दात नाही.

तुमच्या प्रबंधात माणसं पुरात अडकणार नाहीत, पण तुमच्यानंतर येणारा विद्यार्थी तुमच्या आकड्यांवर आपली चार वर्षं लावेल. तेव्हा १९४८ चं मॅन्युअल मिळालं तर जरूर वाचा, हात चालवायला ते उत्तम शिकवतं. फक्त प्रत्येक प्रकरणाखाली पेन्सिलने ‘कशावरून?’ लिहा आणि उत्तर देता येतं का बघा. आणि या आठवड्यात एक काम करा. आपल्या विभागाचं डेडस्टॉक रजिस्टर मागून घ्या, ‘चालू’ शेऱ्याचं एक उपकरण निवडा आणि त्याच्यासाठी पाच ओळी लिहा: काय मोजतं, कुठल्या मर्यादेत, शेवटचं कशाशी ताडलं, कधी ताडलं, आणि कुठे हरतं. ज्या ओळी कोऱ्या राहतील, तुमचं काम तिथून सुरू होतं.